दादा रात्री ट्रकच्या केबिनमध्ये बसून असतो. त्याला डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं?

खाणपट्टीतला धाकटा · ११ जून, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आता ५३चा. बाबा लवकर गेले. घर त्यानेच ओढलं, माझं शिक्षणही त्याच्याच पैशांवर झालं. खाणी जोरात होत्या तेव्हा त्याचे तीन ट्रक खनिज वाहायचे. २०१२च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग थोड्या सुरू झाल्या आणि २०१८च्या मार्चपासून ८८ लीजांवरचं काम पुन्हा ठप्प. बाहेरच्यांनी ह्या तारखा पेपरात वाचल्या असतील. आमच्या वाड्यावर कोणाचं लग्न कधी झालं हेसुद्धा 'खाणी बंद होण्याआधी की नंतर' असं सांगतात. दोन ट्रक पडेल भावात गेले. उरलेला मांगराच्या (खोपटाच्या) बाजूला ताडपत्रीखाली उभा आहे.

मधली वर्षं त्याने निभावली. चिऱ्यांची भाडी मारली, बँकेचं फेडलं, पोरीचं लग्न केलं. २०२२च्या अखेरीस लीजांचे लिलाव सुरू झाले तेव्हा मला वाटलं, आता दादा उभारी धरेल. झालं उलटं. गेल्या पाच-सहा महिन्यांत तो रात्री दोनला उठतो आणि केबिनमध्ये जाऊन बसतो. इंजिन चालू करत नाही, नुसता स्टेअरिंगवर हात ठेवून असतो. जेवण अर्ध्यावर आलंय, शर्ट अंगावर लोंबतात. मुलावर खेकसतो आणि मग एकटाच परसात जाऊन उभा राहतो. संध्याकाळची दारू पूर्वी दोन पेग होती, आता कोणी मोजत नाही. त्याच्यासारखा घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं तालवाद्य) वाजवणारा आमच्या वाड्यावर दुसरा नाही, पण गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) त्याने घुमटाला हात लावला नाही.

काही विचारलं की म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" आई म्हणते देवळात कौल लावू. वहिनी रात्रभर दाराकडे कान देऊन असते. मी पर्वरीला नोकरीला, घरी जातो शनिवार-रविवारी.

एक मित्र म्हणतो, हृदयाच्या तपासणीचं निमित्त सांगून बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) ने आणि तिथून परस्पर मानसोपचाराच्या इस्पितळात. हे बरोबर होईल का? कोणी असं केलंय का?

सत्तरीची सून · १२ जून, सकाळी ७.१५

आम्ही केलंय. सासऱ्यांना डायबिटीसची तपासणी म्हणून नेलं होतं. आत गेल्यावर चिडले, पण डॉक्टरांनी अर्धा तास बोलून शांत केलं आणि गोळ्या सुरू झाल्या. खरं सांगितलं असतं तर ते उंबऱ्याबाहेरही पडले नसते. तुमच्या मित्राचं ऐका. माणूस आधी वाचायला हवा, रुसवा नंतर काढता येतो.

तारवटी · १२ जून, दुपारी २.४०

सत्तरीच्या ताई, तुमच्या घरी जमलं ह्याचा आनंद आहे. पण मी त्या उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला होतो, म्हणून माझं थोडं सविस्तर लिहितो.

मी क्रूझवर गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) होतो, नऊ-नऊ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं. एका सुट्टीत घरी आलो आणि छातीत दाबायला लागलं. रात्री घाम, हातांना मुंग्या, श्वास अपुरा. ईसीजी काढला, निर्मळ. पुन्हा काढला, पुन्हा निर्मळ. मी मनातून खचलोय हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं हृदयच, आणि डॉक्टरांना ते सापडत नाही. घरच्यांना मात्र कळलं होतं. त्यांनी मला 'मोठ्या हृदयाच्या डॉक्टरकडे' म्हणून गाडीत घातलं. खाली उतरून पाटी वाचली आणि मी बायकोकडे बघितलं. ती खाली बघत होती. तो क्षण मला अजून आठवतो. त्या दिवशी मी आत गेलो नाहीच. पुढे वर्षभर घरच्यांनी आणलेला पाण्याचा ग्लाससुद्धा संशयाने घेत होतो. एक अख्खं वर्ष गेलं, आणि ते वर्ष सगळ्यांत वाईट होतं.

शेवटी गेलो तो मेव्हण्याबरोबर. त्याने एवढंच सांगितलं, "मी मानसोपचाराच्या ओपीडीत चाललोय तुझ्यासाठी नाव काढायला. तू गाडीत बसलास तरी चालेल. बाहेर मी आहे." तीन तास तो कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून होता. मी आतून दोनदा दार उघडून तो आहे ना ते पाहिलं. चाळिशीतला बाप्या मी, आठवीतल्या पोरासारखा दार उघडून पाहत होतो. तो तिथे नसता तर मी पळालो असतो.

धाकट्या भावा, दादाशी खोटं बोलू नकोस. त्याच्याकडे आता विश्वासाशिवाय फारसं काही उरलेलं नाही.

केंद्रातली नर्स · १२ जून, रात्री ९.०५

मी सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी केली आहे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मला तीन गोष्टींची घाई वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे दादांना सरळ विचारा, मरून जावं असं मनात येतं का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी लोकांना भीती असते. तसं होत नाही. उलट माणसाचा जीव हलका होतो, कारण तो विचार तो एकटाच सांभाळत असतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं ठेवू नका. बागायतीची कीटकनाशकं आणि घरातल्या जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली वहिनीकडे. 'कसं करायचं ते ठरलंय' असं उत्तर आलं तर त्याच रात्री इस्पितळ, सकाळची वाट पाहू नका.

दारूबद्दल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. थरथर, झटके, भास, सगळं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टर औषध देऊन ती हळूहळू उतरवतात. मी असे दोन पेशंट पाहिलेत, दोघांच्याही घरच्यांनी चांगल्याच हेतूने बाटल्या मोरीत ओतल्या होत्या.

आणि हे परमुलखातलं शास्त्र आहे असं कोणी म्हणू नये. दारूचा त्रास असलेल्या पुरुषांवर झालेला एक नावाजलेला अभ्यास आपल्या गोव्यातल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. पर्वरीच्या 'संगात' संस्थेने केला, २०१७मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३७७ पुरुष होते. त्यांच्याशी बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती आणि बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी बोलणी झालेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही. पण चार वेळा नीट बोलण्याने शंभरातले दहा जण जास्त सावरतात, हे माझ्यासारखीला फार मोठं वाटतं. आमच्याकडे पुरुष यायचे ते पाठदुखी, अ‍ॅसिडिटी, 'झोपेची गोळी द्या' म्हणून. मन हा शब्द तोंडातून यायचा नाही. म्हणून दादांना 'मनात काय आहे' असं विचारू नका. झोप किती, जेवण किती, वजन किती, पेग किती ते विचारा. आकड्यांची उत्तरं पुरुष देतात.

जुना जाणता · १३ जून, सकाळी ६.३०

मी सत्तरी ओलांडलेला माणूस, स्पष्ट लिहितो. आमच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानी पाहिली, दुष्काळी वर्षं काढली, दहा पोरं वाढवली. त्यांना कोणी समुपदेशक दिला नव्हता. हल्ली जरा मन उदास झालं की डॉक्टर. पुरुषाने सोसायचं असतं. कामाला लागू दे, सगळं मार्गावर येईल.

तारवटी · १३ जून, सकाळी ८.००

काका, तुमचा मान ठेवून विचारतो. तुमच्या वडिलांनी सोसलं ते मी खोटं मानत नाही. माझ्या वडिलांनीही सोसलं. ते रोज सातला तावेर्नात (दारूच्या दुकानात) जात आणि दहाला येत. आम्ही भावंडं त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचो, आज पांघरुणाबाहेर राहायचं की आत. ते सोसणं आईच्या वाट्याला गेलं आणि थोडं आमच्याही. तुमच्या घरी तसं नसेल. पण २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांत शंभरातले ७२ पुरुष. हे सगळे न सोसणारे होते, असं म्हणवत नाही मला.

आल्तिनोचे मास्तर · १३ जून, सायंकाळी ५.२०

लोक का घाबरतात त्याबद्दल थोडं. आजची बांबोळीची संस्था १९८०पासूनची. त्याआधी पणजीत आल्तिनोला आबे फारिया ह्यांच्या नावाचं मनोरुग्णांचं इस्पितळ होतं. आमच्या लहानपणी वर्गात कोणी वेडंवाकडं वागलं की "ह्याला आल्तिनोला न्या" म्हणायचे. मी स्वतः म्हटलेलं आहे. पुढे माझ्याच घरातलं माणूस तिथे न्यायची पाळी आली तेव्हा ते वाक्य किती दिवस कानात वाजत होतं. दादांच्या पिढीच्या कानातही तेच असणार.

फारिया हे कांदोळीचे धर्मगुरू, जन्म १७५६. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, सगळ्यांनी पाहिलेला. संमोहनात गुंगी येते ती करणाऱ्याच्या हातातल्या कसल्या अजब शक्तीने नव्हे, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते, असं त्यांनी त्या काळात सांगितलं. त्यांची एक आख्यायिका आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." (म्हणजे समोरचे सगळे भाजीपाल्यासारखे, घाबरू नकोस.) आणि जीभ सुटली. खरं-खोटं राणी जाणे. मी ही गोष्ट वर्गात तीस वर्षं धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली. आता वाटतं, ती वडिलांची गोष्ट आहे. मुलगा अडलाय हे त्यांना खाली बसून कळलं आणि चारचौघांत त्याची शोभा न करता त्याला घरच्या भाषेत हात दिला. धाकटेराव, तुम्हाला तेवढंच करायचं आहे.

आईंना कौल लावू द्या. प्रसादाच्या पाकळीने त्यांच्या जिवाला धीर येत असेल तर यावा. फक्त कौलासाठी बांबोळीची तारीख पुढे ढकलू नका.

फोंड्याचा कायदेवाला · १३ जून, रात्री १०.१०

थोडक्यात लिहितो, कारण ट्रकवाल्यांना हीच धास्ती असते: 'कागदावर आलं तर?' मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू मे २०१८पासून. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो, त्यावरून त्याला शिक्षा करत नाही. नुसत्या ओपीडीला जाण्याने कोणी 'वेडा' ठरत नाही.

खाणपट्टीतला धाकटा · १७ जून, रात्री १.३०

सगळ्यांचे आभार. झोप येत नाही म्हणून आत्ताच लिहितो.

शनिवारी रात्री दोनला दादा उठला. पाच मिनिटांनी मी मागोमाग गेलो. पाऊस धरलेला होता, ताडपत्रीवर आवाज चालू. मी दुसऱ्या दाराने चढून क्लीनरच्या जागेवर बसलो. लहानपणी सुट्टीत तो मला खाणीवर न्यायचा तेव्हा मी तिथेच बसायचो. बराच वेळ दोघंही गप्प. मग मी नर्सताईंनी सांगितल्याप्रमाणे झोप विचारली. "दोन तास. कधी तीन." पेग विचारले. "सहा." वजन त्याला ठाऊक होतं, अकरा किलो उतरलंय. एवढं तो वर्षात माझ्याशी बोलला नव्हता.

मग विचारलं. जीभ टाळूला चिकटली होती, पण विचारलं. घरात आम्ही कोंकणीच बोलतो, त्यामुळे ते वाक्य मराठीत लिहिताना परकं वाटतंय. "दादा, मरावंसं वाटतं का तुला?" तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. म्हणाला, "मुद्दाम काही करणार नाही. पण झोपलो आणि उठलोच नाही तर बरं होईल, असं रोज वाटतं."

मी रडलो. तो नाही. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, बाबा गेले तेव्हा ठेवला होता तसा.

केबिनमधूनच १४४१६ला फोन लावला. टेलि-मानस, सरकारी, चोवीस तास, फुकट. स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी कसलाही उपदेश केला नाही. दादाने त्यांना जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. खाणी बंद झाल्या तेव्हा त्याच्याकडे दोन ड्रायव्हर आणि एक क्लीनर होता. त्यातल्या एका ड्रायव्हरचे तीन महिन्यांचे पैसे दादा देऊ शकला नाही आणि तो माणूस पुढे गाव सोडून गेला. सात-आठ वर्षं हा माणूस रात्री तो हिशेब करतोय. आम्ही समजत होतो, त्याला धंद्याचं दुःख आहे.

बुधवारी बांबोळीला जातोय. कुठे चाललोय ते त्याला सांगितलंय. "बघू" म्हणाला. नाही म्हणाला नाही.

सत्तरीची सून · १७ जून, सकाळी ७.००

वाचून डोळे भरून आले. पहिल्या दिवशी घाईने सल्ला दिला होता, तो मागे घेते. तुमचं तुम्हाला बरोबर सुचलं.

खाणपट्टीतला धाकटा · २० जून, रात्री ८.४५

गेलो. पहाटेची बस, पणजी स्टँडवर बदलून बांबोळी. फाटकाशी दादा पाच मिनिटं थांबला, विडी ओढली, मग स्वतःच पुढे झाला. बाहेर आमच्यासारखीच माणसं. शेतकरी, एक पोलीस, कॉलेजची पोरं, बरेच बापये. दादाने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. मला वाटलं, हा तिच्याशी बोलणार नाही. तो चाळीस मिनिटं बोलला. मी बाहेरच्या बाकावर होतो आणि दार एकदा उघडलं. तारवटीबाब, तुमची आठवण आली.

डिप्रेशन आहे, दारूने ते वाढलं आहे, असं सांगितलं. थायरॉइड, बी-१२, शुगर ह्यांच्या चाचण्या काढल्या. दारू उतरवायची औषधं वेगळी आणि रात्रीची एक गोळी. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळेल, गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतील, मध्येच बंद करायची नाही, बरं वाटल्यावरसुद्धा कित्येक महिने घ्यायची, हे दोनदा बजावलं.

केंद्रातली नर्स · २० जून, रात्री ९.३०

छान केलंत. एक पुढचं सांगते, कारण इथेच बरेच जण सुटतात. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणेल, काही उपयोग नाही. तेव्हा तिथे कोणीतरी असायला हवं. आणि मन लागलं की कामं करू, असं थांबू नका. हे उलट्या दिशेने चालतं. आधी हात लावायचा, मन मागून येतं. अगदी लहान काम, ठरलेल्या वेळी. कोंबड्यांना दाणे घालणं चालेल.

खाणपट्टीतला धाकटा · १४ जुलै, रात्री १०.००

ताई, बरोबर तिसऱ्या आठवड्यात म्हणाला. गोळ्या मांगरात फेकल्या. वहिनीने वेचून आणल्या, काही न बोलता डबीत भरल्या आणि रात्री पाण्याबरोबर समोर ठेवल्या. त्याने घेतल्या. दारू एकदा पुन्हा झाली, जुलैच्या पहिल्या रविवारी, कोणाच्या तरी बारशाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला फोन करून सांगितलं. पूर्वी हे आम्हाला बाटलीवरून कळायचं.

झोप आता चार तास. केबिनमध्ये अजून जातो, रोज नाही.

जुना जाणता · १५ जुलै, सकाळी ६.१०

मी धागा पहिल्यापासून वाचतोय. तारवटीने चपलांचं लिहिलं तेव्हापासून उत्तर देता आलं नाही. आमच्याही घरी तसंच होतं. एवढंच लिहायचं होतं. दादाला आशीर्वाद.

घुमटवाला · १५ जुलै, दुपारी १.००

काकांनी लिहिलं ते बरं केलं. मी शेजारच्याच तालुक्यातला, आरती मंडळ चालवतो. धाकट्या, चवथीआधी दादाला 'वाजव' म्हणू नका. फुटलेलं घुमट मढवायला द्या त्याच्याकडे. घोरपडीच्या कातड्याला बंदी आहे, आता बकऱ्याचंच घेतात, आणि ते नीट ताणून बसवायला जुना हात लागतो. आम्हाला खरंच माणूस मिळत नाही. मी माझी दोन घुमटं पाठवतो.

खाणपट्टीतला धाकटा · १६ सप्टेंबर, रात्री ११.२०

उशीर झाला लिहायला. चवथ झाली.

घुमटवाल्यांची दोन घुमटं ओसरीवर महिनाभर पडून होती. ऑगस्टमध्ये एका सकाळी दादा त्यातलं एक मांडीवर घेऊन कातडं भिजवताना दिसला. दोन्ही मढवली. एक सैल बसलं होतं, ते सोडवून पुन्हा केलं. चवथीला माटोळी (गणपतीवरची फळापानांची मंडपी) बांधायला उभा राहिला. पहिल्या रात्री दोन आरत्या वाजवल्या आणि दमून उठून गेला. वाड्यावरचे कोणी काही बोलले नाहीत, शेजारच्या पोराने घुमट पुढे घेतलं. मी बघायला गेलो तर तो आत झोपला होता. साडेदहा वाजता. बाहेर शमेळ, कांसाळें, सगळ्या वाद्यांचा गजर चालू असताना.

त्या जुन्या ड्रायव्हरचा पत्ता मिळालाय, कर्नाटकात आहे. दादाने फोन केला नाही अजून. नंबर लिहिलेला कागद केबिनमध्ये सनवायझरला खोचून ठेवलाय.

बांबोळीची पुढची तारीख २५ची. वहिनी म्हणते, ह्या खेपेला मी जाते त्याच्याबरोबर.

आणखी एक. हा सगळा धागा मी त्याला न विचारता लिहिला, ते मनाला लागून होतं. काल त्याला मोबाइलवर सगळा वाचून दाखवला. तुमचं प्रत्येकाचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, नाव नाही ना कुठे, राहू दे. आणि एक चूक सुधारायला सांगितली. ट्रक तीन नव्हते, चार होते. चौथा पहिल्या बंदीतच विकला होता, माझ्या शेवटच्या वर्षाची फी भरायला. मला हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या प्रतिसादातलं आता बदलता येत नाही, म्हणून इथे लिहितो: ट्रक चार होते.